सायबांचा फिका

गेल्या रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, नाशिकच्या पेठ रोडवर, आशेवाडीकडे वळायच्या जरा अलीकडे मला बिनसाखरेचा चहा पाजण्यात आला. 'पाजण्यात आला' हा प्रयोग मी मुद्दाम केलाय, कारण त्यात माझा काही हात नव्हता. मी मागितला होता साधा, नेहमीचा, गोड चहा. बारा किलोमीटर त्याच्याच आशेवर आलो होतो.

मला शुगर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणी विश्वास ठेवेल असं वाटत नाही.

सायकल का घेतली, ते थोडक्यात: वय ४७, वजन ९१, आणि एके दिवशी सोसायटीची लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा दाराची बेल दाबायला हात उचलेना. पुढच्या शनिवारी दुकानात गेलो. तिथल्या पोराने विचारलं, "अंकल, रोडवर चालवणार की ट्रेलवर?" ट्रेल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण 'रोड' म्हणणं फारच मिळमिळीत वाटलं. अशा रीतीने मी चौतीस हजारांची माउंटन बाईक घेऊन मखमलाबाद रोडवरच्या टू बीएचकेत आलो.

नाशकात सायकल घेणं तसं जोखमीचंच. दुसऱ्या गावात माणूस सायकलवर दिसला की लोक नुसतं बघतात. इथे तुलना करतात. आमच्या गावचे महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका पुरी करून आले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. तेव्हापासून नाशकातल्या कुठल्याही सायकलवाल्याने 'दमलो' म्हणायची सोय राहिलेली नाही. माझ्या मेव्हण्याने तर सायकल बघायला आल्या आल्या विचारलं, "मग, अमेरिका कधी?" मी तेव्हा पंचवटी कारंज्यापर्यंतसुद्धा गेलेलो नव्हतो.

सायकल एकदा आली की आयुष्यभर विसरत नाही म्हणतात. डोकं विसरत नसेल. मांड्या साफ विसरतात. लहानपणी तासाला रुपया देऊन भाड्याची सायकल आणायचो आणि दांडीखालून पाय घालून कैची मारत रामकुंडापर्यंत जायचो, तेव्हा चढ हा प्रकारच नाशकात नव्हता. तो अलीकडे आलेला आहे. मखमलाबाद नाक्यावरून पेठ रोडला लागलं की गाडीतून सपाट दिसणारा रस्ता सायकलवरून सारखा वर वर जातो. त्यात डोंगरातले टायर! सव्वादोन इंच रुंद, गुठळ्या गुठळ्यांचे. डांबरावर ते भुंग्यासारखे घुंऽऽ आवाज करतात, आणि तुमची निम्मी ताकद त्या आवाजातच जाते. उरलेली पुढचं सस्पेन्शन खातं. जोर लावला की ते माझ्याआधी मान खाली घालतं.

बेत होता रामशेज किल्ल्याच्या पायथ्याच्या मातीच्या वाटेवर सायकल घालायचा. रामशेज १६८२ नंतर पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजेला दाद देत नव्हता. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या केल्या आणि वरून कातडं चढवलं, असं सांगतात. मला हा किस्सा फार आवडतो, कारण माझीही तयारी साधारण त्याच पद्धतीची होती. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, गादी शिवलेली चड्डी. वरून सगळं कातडं, आत लाकूड.

फाट्याच्या अलीकडच्या चढावर घात झाला. गिअर चढ लागायच्या आधी उतरवायचा असतो, पायात जोर असताना नाही. हे पोराने दोनदा सांगितलं होतं. मी चढाच्या ऐन मध्यावर, पेडलवर उभं राहून, दोन्ही अंगठे एकदम दाबले. कडाड असा आवाज झाला, चेन सुटली आणि मी साईडपट्टीवर पाय टेकायला गेलो, तर साईडपट्टी डांबरापेक्षा अर्धा फूट खाली. पडलो नाही. पण जे काही केलं त्याला उतरणंही म्हणता येणार नाही. उजव्या पोटरीवर चेनच्या चक्राच्या दातांचा काळा कुळकुळीत शिक्का उमटला. तो तसाच घेऊन सायकल ढकलत टपरीपाशी पोचलो.

टपरीसमोर टोमॅटोचं लाल कॅरेट पालथं घालून त्यावर एक बाबा बसले होते. पांढरी टोपी, धोतर, हातात बशी. मी "एक चहा" म्हणालो. बाबांनी बशी खाली ठेवली, उठले आणि सायकलभोवती एक पूर्ण फेरी मारली. बैलबाजारात मारतात तशी. मग वाकून मागचं चक्र बघितलं आणि विचारलं,

"किती दाती?"

मला वाटलं माझ्या पोटरीबद्दल विचारतायत. "लागलं नाही हो," मी म्हणालो.

"कितीला पडली?"

खरा आकडा सांगायची हिंमत झाली नाही. "बारा हजार."

"फसले," बाबा टपरीवाल्याला म्हणाले. मला नाही. "स्टँड कुढंय हिचा?"

"या सायकलला नसतो बाबा."

"वेगळा घ्यावा लागतो?"

"नाही, नसतोच."

"मंग उभी कशी ऱ्हाती?"

"टेकवून ठेवायची."

बाबांनी आजूबाजूला बघितलं. टपरीला कापडाच्या भिंती होत्या, बाकी माळ. मी दोन्ही हातांनी हँडल धरून उभा होतो. "म्हंजे तुम्ही हिला धरून उभं ऱ्हायाचं," बाबा म्हणाले. "बरं. मडगाड?"

"नसतात."

"चिखल उडत नाही?"

"उडतो. पाठीवर."

"कॅरिअर?"

"नाही."

"भाकर कुढं बांधायची मंग?"

याला काय उत्तर द्यायचं? भाकरी बांधायला सायकल घेतलेली नाही हे बोलायला सोपं आहे, पण मग कशाला घेतली, हा प्रश्न येतो. मी विषय बदलायला म्हणालो, "एकवीस गिअर आहेत."

इथे चूक झाली. बाबा एकदम गंभीर झाले. त्यांनी माझ्याकडे, मग चढाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"एकवीस?"

"एकवीस."

"आन् तरी तुम्ही पायी आले?"

टपरीवाला हसला नाही, एवढंच त्याचं श्रेय. मी चेन, जोर, अंगठे असं काहीतरी सांगू लागलो. बाबांनी दोनदा मान हलवली आणि मधेच म्हणाले, "बैलाला एकच गेअर ऱ्हातो, सायेब." मग आवाज खाली आणून, घरच्या माणसासारखं: "शुगर ना?"

"नाही हो! तब्येतीसाठी चालवतो."

"त्येच ते. आमच्या सुनेच्या भावालाबी डॉक्टरनी सायकलच सांगितली. लाजायचं काय त्यात? मेथीदाणे भिजत घालायचे रातच्याला." आणि टपरीकडे तोंड करून, पेठेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "एऽ, सायबांचा फिका टाक रे!"

मी 'नको नको, साखर घाला' असं म्हणालो. शपथेवर सांगतो, तीनदा म्हणालो. पण माझे दोन्ही हात सायकलला अडकलेले, हेल्मेटचा पट्टा हनुवटीला आवळलेला आणि दम अजून जाग्यावर आलेला नव्हता. त्यामुळे ते कितपत ऐकू गेलं कोण जाणे. टपरीवाल्याने भरल्या पातेल्याकडे बघितलं, त्यात साखर आधीच पडलेली होती, मग त्याने केवळ माझ्यासाठी छोट्या भांड्यात वेगळा चहा ठेवला. पाच मिनिटं. एवढी आस्था मला कुठल्या हॉटेलात मिळालेली नाही. एका हाताने सायकल सावरत मी तो प्यायलो. भुईमुगाची टरफलं उकळल्यासारखा लागला.

पैसे किती, तर दहा. साखरेचे कापून नाहीत. दहाच.

आता यात बाबांचा दोष काय? हा प्रश्न घरी येईपर्यंत, म्हणजे पुढचे बारा किलोमीटर, मी स्वतःला विचारत होतो, आणि दोष आहे असं माझं मत झालं. एकट्या बाबांचा नाही, सगळ्यांचा. चाळिशी उलटलेला माणूस सायकलवर दिसला की लोकांपुढे तीनच शक्यता असतात. पेट्रोल परवडत नाही, गाडी विकली किंवा डॉक्टरने सांगितलंय. मजेसाठी चालवत असेल, ही चौथी कुणाच्या डोक्यातच येत नाही. (मला त्या दिवशी मजा आली नव्हती, ही गोष्ट वेगळी.) आणि डॉक्टरने सांगितलेल्या माणसाला रस्त्यावर जी वागणूक मिळते! मार्केट यार्डाकडे निघालेले भाजीचे पिकअप कानाशी येऊन हॉर्न वाजवतात, आणि तो 'सरक' असा नसतो, 'अजून इथेच?' असा असतो. राँग साईडने येणारा मोटरसायकलवाला मलाच हाताने बाजूला हो म्हणून खुणावतो. उतरायचं कुठे, तर त्या अर्धा फूट खालच्या साईडपट्टीवर, खडी आणि गुटख्याच्या पुड्यांत. रस्त्याला नवा थर द्यायला पैसे सापडतात, कडेला मुरूम भरायला नाहीत. थरावर थर चढत जातो आणि सायकलवाल्याचा खड्डा खोल होत जातो. रामशेजवाल्यांना निदान वर बसून दगड टाकायची सोय होती.

मातीच्या वाटेवर मी गेलोच नाही. सायकल तिथूनच वळवली.

बुधवारी ऑफिसातून येताना त्याच दुकानात गेलो आणि स्टँड मागितला. पोराने असं बघितलं की जणू मी घोड्याला घंटा मागितली. "अंकल, एमटीबीला स्टँड? ट्रेलवर खडखडतो. वजन वाढतं ना."

"किती?"

"अर्धा किलो तरी."

९१ किलोच्या माणसाला अर्ध्या किलोची काळजी सांगणाऱ्या त्या पोराला मी काही बोललो नाही. अडीचशे रुपये दिले आणि बसवून घेतला. येत्या रविवारी त्याच टपरीसमोर सायकल स्टँडवर लावायची, दोन्ही हात मोकळे सोडायचे आणि स्पष्ट आवाजात साखर मागायची, असं ठरवलंय.

फक्त एक गडबड झाली. हा सगळा प्रकार मी घरी बायकोला रंगवून सांगितला. बाबांची नक्कल केली, भाकरीचा प्रश्न दोनदा केला. ती खूप हसली. मग पोळी उलटता उलटता म्हणाली, "म्हातारा काही वेडा नाहीये हं. तुमच्या अण्णांना होतीच की." मी म्हटलं, विनोद कळला का तुला? ती म्हणाली, कळला.

गुरुवारपासून घरचा चहा वेगळा लागतोय. साखरेचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेलाय. स्टूल आहे कोपऱ्यात, पण त्यावर चढायला मांड्या अजून तयार नाहीत.