फुजीला थांबलेला लाउडा कोणी दाखवत नाही

आज कार्यालयात प्रेरणा देण्याचा कार्यक्रम होता. बाहेरून बोलावलेल्या वक्त्यांनी दिवे मालवून एक चित्रफीत लावली. 1 ऑगस्ट 1976, जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा शर्यतमार्ग, आणि पेटलेल्या फेरारीतून फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा जगज्जेता चालक निकी लाउडा याला त्याचे सहस्पर्धक बाहेर ओढत आहेत. लगेच पुढच्या दृश्यात, 42 दिवसांनी, तोच लाउडा डोक्याच्या जखमांवर पट्ट्या बांधून इटलीतील मॉन्झाच्या शर्यतीत उतरलेला आणि चौथा आलेला. दिवे लागले आणि वक्ते म्हणाले, “आणि आपण सर्दी झाली तरी रजा टाकतो!” सभागृह हसले. नुकतीच टायफॉइडमधून उठलेली माझी सहकारीसुद्धा कसनुसे हसली, आणि माझे डोके फिरले.

गोष्ट तिथे संपत नाही हो. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे मोसमाची शेवटची शर्यत होती. जगज्जेतेपदाच्या गुणतक्त्यात लाउडा प्रतिस्पर्धी जेम्स हंटपेक्षा तीन गुणांनी पुढे होता, पाऊस आणि धुके इतके होते की शर्यत सुरू करायलाच उशीर झाला, आणि भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाला डोळ्यांची उघडझापही नीट करता येत नव्हती. त्याने दोन फेऱ्या मारल्या, गाडी आत आणली आणि तो उतरला. फेरारीचे अभियंते मॉरो फोर्गिएरी यांनी त्याला नामुष्कीतून वाचवण्यासाठी सुचवले की, इंजिन बिघडले असे आपण सांगू. लाउडाने नकार दिला. हंट तिसरा आला आणि 69 विरुद्ध 68 अशा एका गुणाने जगज्जेता झाला. ही चित्रफीत कोणताही वक्ता लावत नाही, कारण ती पाहून उद्या कोणी जास्त तास काम करणार नाही.

माझे वडील, अण्णा, खासगी आरामबसचे चालक होते. 1994 साली, गणपतीच्या आदल्या रात्री, मुंबईहून खेडकडे निघालेल्या त्यांच्या गाडीत चालकाच्या मागच्या आसनावर मी बसलो होतो. मी अकरा वर्षांचा होतो. वाकणपासूनच पाऊस झोडपत होता, महाडच्या पुढे धुकेही उतरले, आणि अण्णांनी वाटेत दोनदा खाली उतरून काचेवर तंबाखू चोळली, म्हणजे पाणी जरा सरकते. पोलादपूरला त्यांनी गाडी कडेला घेतली. पुढे कशेडीचा घाट होता. आता तिथे बोगदा आहे, तेव्हा नव्हता. “उजाडल्याशिवाय घाट चढणार नाही,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केले.

त्यानंतर गाडीत जो गदारोळ झाला तो मी विसरलेलो नाही. सकाळी गणपती बसवायचा होता, मांडीवर पूजेच्या सामानाच्या पिशव्या होत्या, आणि आमच्या शेजारून दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवत घाटाकडे चालल्या होत्या. “जमत नाही तर गाडी कशाला हाकतोस?” असे एक गृहस्थ अण्णांच्या तोंडावर म्हणाले. तेव्हा क्लीनर हळूच पुढे वाकून म्हणाला, “अण्णा, वायपर गेला म्हणून सांगू या, लोक गप बसतील.” अण्णांनी वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “वायपर चालू आहे. मला दिसत नाही.”

फोर्गिएरींचा किस्सा मी कित्येक वर्षांनी वाचला, तेव्हा मला आधी तो क्लीनर आठवला.

मॉन्झाचे धैर्य खोटे होते असे मी म्हणत नाही. प्रत्येक सरीला गाडी कडेला घेणारा चालक कोणाच्याच कामाचा नाही, हेही मान्य. माझा राग आहे तो अर्धा माणूस दाखवण्यावर. न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीआधी, सुमारे 23 किलोमीटरच्या त्या मार्गावर मदत वेळेत पोहोचणार नाही, म्हणून शर्यतच नको, असे सांगणारा लाउडाच होता. चालकांच्या मतदानात त्याची बाजू पडली, तो शर्यतीत उतरला आणि जळाला. ज्यांच्या पगारपत्रकात आजारपणाची रजा म्हणजे कपात, ते लोक या माणसाचे नाव घेऊन आम्हाला काय शिकवतात? संताप येतो, दुसरा शब्द नाही.

मला अधिक सलते ते निराळेच. त्या रात्री कशेडी घाटात काहीही झाले नाही. पुढे गेलेल्या गाड्या सुखरूप पोहोचल्या, अण्णा बरोबर होते असे सिद्ध करणारी एकही घटना घडली नाही, आणि मालकाने त्यांच्या पगारातून दोनशे रुपये कापले. फुजीलाही तसेच झाले. पाऊस ओसरला, मार्ग वाळत गेला, आणि लाउडा थांबला नसता तर, असे म्हणायला फेरारीच्या देशातल्या, इटलीतल्या लोकांना आयते निमित्त मिळाले. पुढच्याच वर्षी त्याने विजेतेपद परत मिळवले. 1984 साली तर जगज्जेतेपदाच्या चुरशीत आलाँ प्रॉस्त या चालकाला त्याने अवघ्या अर्ध्या गुणाने मागे टाकले. तो अर्धा गुण कुठून आला, तर मोनॅकोची प्रॉस्तने जिंकलेली शर्यत पावसामुळे मध्येच थांबवून अर्धेच गुण दिले होते म्हणून. पावसाने असा हिशेब केला, असे म्हणून मी स्वतःशी हसतो. पण अण्णांचे दोनशे रुपये कोणत्याच पावसाने परत केले नाहीत.

आणि हे लिहिता लिहिता राग जरा उतरला आहे, म्हणून तेही लिहून टाकतो. त्या रात्री लोक बोलत होते तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवून बसलो होतो. हा माझा बाप आहे हे कोणाला कळू नये असे मला वाटत होते. पहाटे अण्णांनी टपरीवरून माझ्यासाठी कागदात गुंडाळून दोन गरम वडे आणले, तर मला भूक नाही असे मी सांगितले. पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी पुडी तशीच गिअरच्या दांड्याशेजारी ठेवली, गाडी सुरू केली आणि उजाडलेल्या घाटात एकही हिसका न देता ती वर चढवली. लोक झोपले होते.

आज संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि विचारले, “अण्णा, तुम्ही पोलादपूरला गाडी थांबवली होती ती रात्र आठवते का?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यातली कुठली रे?”