पोटरीवरची जखम आणि बाथरूममधला कोळी

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. यजमानांच्या पोटरीला फोड आला, तो काळा पडला आणि त्याच आठवड्यात बाथरूममध्ये पंजाएवढा कोळी दिसला, म्हणून तोच चावला असं तुम्हाला वाटतंय. अशा वेळी ‘घरातला कोळी मारू नका’ हा माझा सल्ला वाचून संताप येणं साहजिक आहे. ‘कोळी चावतच नाही’ हे माझं वाक्यही चुकलंच होतं. ते काढलं आहे.

पण मांस सडवणाऱ्या कोळ्याचं जे वर्णन तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, ते ब्राऊन रिक्लूज नावाच्या कोळ्याचं आहे. तो अमेरिकेतला, कॅन्सस, मिसुरी, ओक्लाहोमा हा त्याचा मुलूख. पाठीवर व्हायोलिनसारखा डाग, डोळे आठ नव्हे, सहा. त्याच्या विषाने मांस सडू शकतं, हे खरं. मात्र तो बुटात, पांघरुणात, कपड्यांच्या घडीत दडून असतो आणि अंगाखाली चेपला गेला तरच सहसा चावतो. कॅन्ससमधल्या एका राहत्या घरात सहा महिन्यांत असे २,०५५ कोळी सापडले होते. घरातल्या चौघांपैकी एकालाही चावल्याचं आढळलं नाही.

तुमच्याकडचा, वर्णनावरून, हंट्समन जातीचा कोळी असावा. मुंबईत हा घरोघरी दिसतो. जाळं विणत नाही, रात्री झुरळं धरतो. परवा आमच्या मोरीत मादी होती, पोटाशी बत्ताशासारखी पांढरी, चपटी अंड्यांची पिशवी धरून. दिवा लावला तशी पिशवीसकट पाइपामागे सरकली. हातात धरलीत तर चावेल, दुखेल, सुजेल. मांस सडणार नाही.

मला काळजी आहे ती यजमानांची. माझ्या वडिलांच्या पायाला असाच फोड आला तेव्हा ‘कोळी मुतला’ म्हणत आम्ही चार दिवस लेप लावत बसलो. कोळी कुणीच पाहिला नव्हता. वडिलांना मधुमेह, आणि तो निघाला जंतुसंसर्ग. पाय वाचला, पण ते चार दिवस अजून मनातून जात नाहीत. अमेरिकेतसुद्धा रिक्लूजच्या नावावर खपलेल्या कितीतरी जखमा शेवटी जंतुसंसर्गाच्या निघतात.

चावताना कोळी कुणी पाहिला का? नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. साखर तपासून घ्या, पू असेल तर कल्चर, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत याची तपासणी, करायचं का तेही विचारा. लाली जिथवर आहे तिथे पेनने रेघ मारून ठेवा. ती रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्यांना दवाखान्यात न्या. कोळ्याचं काय करायचं ते नंतर बघू. रिपोर्टमध्ये काय निघालं तेवढं मला जरूर कळवा.