जुना डिटेक्टर मोडीत काढायचा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुना मेटल डिटेक्टर अजून कामाचा आहे असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही जे सविस्तर लिहिलंत ते नीट वाचलं. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: हवेत नाणं धरून तुम्ही तुमची दोन्ही मशीनं तपासलीत, तेव्हा नव्या मशीनने जुन्यापेक्षा दीडपट अंतरावरून आवाज दिला, म्हणजे जमिनीतही ते दीडपट खोल बघणार. शिवाय जुनं मशीन खिळ्यांच्या कचऱ्यात काहीच ऐकत नाही. आणि ‘अजून चालतंय की’ असं सांगून माझ्यासारखे लोक जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी नवशिक्यांची दिशाभूल करतात. हा शेवटचा आरोप गंभीर आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी खोलीबद्दल. मशीनच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूच्या तुकड्यात त्यामुळे बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरी कॉइल टिपते. जाताना हे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होतं आणि परत येतानाही घनानेच. म्हणजे लहान वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने लांब असली की तिचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घसरतो. दुप्पट अंतर झालं की सिग्नल ६४ पट क्षीण. दीडपट झालं की सुमारे ११ पट.

हवेत ही ११ पट तूट भरून काढता येते, कारण तिथे अडथळा मुख्यतः मशीनच्या आतल्या गोंगाटाचा असतो आणि नवी इलेक्ट्रॉनिक्स तिथे खरोखरच सरस आहे. जमिनीत मात्र मातीच स्वतःचा सिग्नल देते. मातीतले लोहखनिजाचे कण कॉइलला सतत उत्तर देत असतात आणि ते उत्तर खोलवरच्या नाण्याच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठं असतं. संवेदनशीलता वाढवली की नाण्याबरोबर मातीचा आवाजही तितकाच वाढतो. म्हणून हवेत मिळालेला दीडपटीचा फरक जमिनीत गेल्यावर बहुतेकदा बोटभर उरतो. काही जागी तेवढाही उरत नाही.

खरा फरक पडतो तो मातीचा सिग्नल वजा करण्याच्या सोयीमुळे, म्हणजे ग्राउंड बॅलन्समुळे. तुमचं जुनं मशीन कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. ज्या जुन्या मशीनचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो ते लोहयुक्त मातीत खरंच मागे पडतं. ज्यावर हाताने फिरवायचा नॉब असतो ते पडत नाही. तो नॉब कसा लावायचा हे बऱ्याच जणांना कुणी दाखवलेलंच नसतं. धातू नसलेली जागा शोधायची, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) बंद करून सगळे धातू ऐकू येतील असा मोड लावायचा आणि थ्रेशोल्ड, म्हणजे सतत ऐकू येणाऱ्या स्वराची पातळी, इतका ठेवायचा की हेडफोनमध्ये डासाच्या गुणगुणीएवढा बारीक स्वर अखंड राहील. मग कॉइल गुडघ्यापासून जमिनीलगत आणि जमिनीपासून परत वर अशी सावकाश हलवायची. खाली नेताना स्वर चढला तर नॉब एका बाजूला किंचित, दबला तर दुसऱ्या बाजूला. कॉइल खाली-वर होत असताना स्वर जागचा हलला नाही की झालं. थोडं चालून माती बदलली की पुन्हा करायचं. हे केलेलं १९९० च्या आसपासचं चांगलं मशीन आणि न केलेलं तेच मशीन यांत जो फरक असतो, तो जुन्या-नव्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे. नव्या मशीनमध्ये हे काम बटण दाबून होतं, आणि ती सोय मी कमी लेखत नाही.

जुन्या मशीनच्या बाजूने बोलताना लोक दोन उदाहरणं हमखास देतात. तीही तपासून घेऊ. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगोअरजवळ ‘हँड ऑफ फेथ’ नावाने प्रसिद्ध झालेला सुमारे २७ किलोचा सोन्याचा गोळा गॅरेट कंपनीच्या त्या काळच्या डिटेक्टरने सापडला. पण तो जेमतेम फूटभर खोल होता आणि एवढा मोठा की त्या खोलीवर कोणत्याही धड मशीनने आवाज दिला असता. त्यातून खोलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००९ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये टेरी हर्बर्ट यांना स्टॅफर्डशायर होर्ड मिळाला, अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्या-चांदीचा आजवरचा सर्वांत मोठा साठा. त्यांच्या हातातलं मशीन १४ वर्षं जुनं होतं. त्यांना ते सापडलं कारण नांगराने वस्तू वर आणल्या होत्या, त्या हाताच्या अंतरावर होत्या आणि माणूस त्या शेतात फिरत होता. शेतात, मैदानात, पायवाटांच्या कडेला जे सापडतं त्यातलं बरंचसं असंच वरच्या वीतभर थरात असतं. तेवढ्या खोलीला जुनं मशीन पुरतं.

आता तुमचा दुसरा आक्षेप. इथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि तुम्ही लिहिलंत त्याहून जोरात. धातूशेजारी धातू लपतो ही अडचण या यंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ती शोधायला असंच उपकरण नेलं होतं. गोळी सापडली नाही. गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधही शरीराच्या उजव्याच बाजूला करू दिला. गोळी डावीकडे होती. आज आपल्या बाबतीत स्प्रिंगांची जागा खिळे घेतात. कॉइल खिळ्यावरून गेली की सर्किट तो सिग्नल नाकारतं आणि पुन्हा ऐकू लागायला क्षणभर घेतं. त्या क्षणात शेजारचं नाणं निघून जातं. जुन्या मशीनमध्ये हा क्षण लांब असतो. २००९ मध्ये आलेल्या एक्सपी कंपनीच्या डीअस या मॉडेलनंतरच्या मशीनमध्ये तो खूप आखूड झाला आहे, आणि जुन्या घराच्या पडक्या जागेसारख्या खिळ्यांनी भरलेल्या ठिकाणी हा फरक दिवस आणि रात्रीएवढा असतो.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. जमिनीवर एक मोठा लोखंडी खिळा ठेवा, त्यापासून तीन बोटांवर एक नाणं. डिस्क्रिमिनेशन खिळा जेमतेम नाकारला जाईल इतकंच चढवा आणि कॉइल सावकाश फिरवा. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये एका दिशेने पूर्ण शांतता मिळेल. मग नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवा. आता एक तुटका, अर्धवट बीप येईल. डिस्क्रिमिनेशन आणखी खाली आणलं तर खिळाही बोलायला लागेल, पण नाण्याचा बीप त्यातून वेगळा काढता येईल. मोठी कॉइल काढून लहान लावली तर आणखी सोपं होतं, कारण एका वेळी कॉइलखाली कमी वस्तू येतात. एवढं करूनही नवं मशीन पुढेच राहील, पण अंतर कमी होईल. आणि सगळी जुनी मशीनं या बाबतीत सारखी नाहीत. टेसोरो कंपनीची दोन नॉबची, एकाच बीपची साधी मशीनं खिळ्यांमध्ये चांगली चालायची, अजून चालतात. त्याच काळातली काही महागडी मशीनं खोलीसाठी बनवलेली होती आणि कचऱ्यात फारच मंद होती.

समुद्रकाठच्या ओल्या वाळूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तिथेही जुन्याची बाजू लंगडी आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन त्यालाच धातू समजतं आणि ओरडत राहतं. संवेदनशीलता इतकी खाली आणावी लागते की हाती काही उरत नाही. इथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन लागतं किंवा पल्स इंडक्शन (अखंड लहरीऐवजी विजेचे तुटक ठोके सोडणारं मशीन) लागतं. पण ‘म्हणजे नवंच’ असं नाही. फिशर कंपनीची सीझेड मालिका ५ आणि १५ किलोहर्ट्झवर एकदम चालायची, माइनलॅब कंपनीचं सॉव्हरिनही अनेक फ्रिक्वेन्सींचं, आणि ही दोन्ही १९९० च्या दशकातली. ती वाळूवर आजही चालतात. उलट आज दुकानात मिळणारं स्वस्त, एका फ्रिक्वेन्सीचं कोरं मशीन तिथे हात टेकतं. सोन्याच्या बारीक कणांचंही तसंच: त्यासाठी उंच फ्रिक्वेन्सी लागते, आणि ७१ किलोहर्ट्झवर चालणारं फिशरचं गोल्ड बग-२ जुनं असूनही लोक अजून सोडत नाहीत. म्हणून मशीन कोणत्या वर्षाचं आहे हे विचारण्याआधी मी विचारतो, कुठे फिरणार आहात आणि काय शोधणार आहात.

एक सीमा मात्र मी स्पष्ट आखतो. १९६० आणि ७० च्या दशकांतली बीएफओ पद्धतीची (दोन फ्रिक्वेन्सींतल्या फरकाच्या स्वरावरून धातू ओळखणारी) मशीनं कामाची नाहीत. मातीचा सिग्नल वेगळा काढायची सोय त्यांत नाही, खोली अगदी जुजबी. ती जपून ठेवावीत, त्यांनी शोध घेऊ नये.

तुमच्या प्रतिक्रियेत जुन्या मशीनविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा आलाच नाही, तो मीच मांडतो. सुटे भाग. टेसोरो बंद झाली, व्हाइट्स ही दुसरी डिटेक्टर कंपनी २०२० मध्ये बंद झाली. कॉइल त्या त्या सर्किटशी जुळवलेली असते, कुठलीही कॉइल कुठल्याही पेटीला चालत नाही. ती गेली आणि दुसरी मिळाली नाही तर बाकी सगळं शाबूत असून मशीन संपलं. म्हणून जुनं घेताना मी आधी कॉइल बघतो. केबल जिथे कॉइलमध्ये शिरते तिथे ती हलवून बघायची, खरखर आली तर आत तार तुटत आली आहे. कॉइलच्या कडेवर बोटाने टिचकी मारायची, दर टिचकीला आवाज येत असेल तर कॉइलच्या आतलं काहीतरी सुटलं आहे. मग बॅटरीची पेटी उघडायची. स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल आणि ती नुसती टोकांवर असेल तर साफ होते. तारेवरून आत सर्किटकडे गेलेली दिसली तर नाद सोडायचा. नॉब फिरवताना होणारी खरखर मला घाबरवत नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुतेकदा जाते. शेवटी मशीन अर्धा तास उन्हात चालू ठेवायचं. थ्रेशोल्डचा स्वर आपोआप वर-खाली सरकत राहिला तर ते मशीन दिवसभर त्रास देणार.

आणखी एक बदल मशीनच्या बाहेर झाला आहे. एलईडी दिवे, चार्जर, नाना प्रकारचे पॉवर सप्लाय यांनी वस्तीतली हवा विद्युत गोंगाटाने भरली आहे. नवं मशीन फ्रिक्वेन्सी थोडी सरकवून शांत होऊ शकतं, बहुतेक जुन्यांना ती सोय नाही. वस्तीत जुनं मशीन विनाकारण किरकिरत असेल तर ते बिघडलंय असं ठरवण्याआधी मोकळ्या रानात नेऊन बघा.

आता नवशिक्यांबद्दल. माझा सल्ला आधीचाच आहे, फक्त नेमका करून सांगतो. ओळखीच्या माणसाने स्वतः वापरत असलेलं, हाताने ग्राउंड बॅलन्स होणारं मशीन दिलं, तर नवशिक्याने ते आनंदाने घ्यावं. विकत घ्यायचं असेल आणि जागा खिळ्यांची किंवा खाऱ्या वाळूची असेल, तर पैसे साठवून नवं घ्यावं. आणि मशीनची माहिती नाही, विकणारा ते चालू करून दाखवत नाही, कंपनी बंद झालेली, अशा वेळी घेऊच नये.

पहिल्या परिस्थितीत मी जुन्याचा आग्रह धरतो तो आवाजासाठी. पडद्यावर आकडे दाखवणारं मशीन हातात आलं की नवा माणूस आकडा बघूनच खणायचं की नाही ते ठरवतो. खोलवरच्या किंवा खिळ्याशेजारच्या वस्तूचा आकडा नव्या मशीनमध्येही उड्या मारतो, आणि नेमक्या त्याच वस्तू मागे राहतात. आकडेच नसले की ऐकावंच लागतं. नाण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखा गोल येतो, गंजक्या पत्र्याचा एका बाजूने फाटतो, बाटलीचं चेपलेलं झाकण फसवतं पण कॉइल किंचित बाजूला नेली की त्याची कडा खरखरते. हे कान तयार झाल्यावर त्या माणसाला नवं मशीन द्या, तो ते आपल्या दोघांपेक्षा चांगलं वापरेल.

तुमच्याकडे दोन्ही मशीनं आहेत, तर एक विनंती. हवेतली चाचणी बाजूला ठेवा. एका मोकळ्या शेतात, मालकाच्या परवानगीने, जुनं मशीन नीट बॅलन्स करून फिरवा आणि प्रत्येक सिग्नलवर न खणता एक काडी रोवा. मग तोच पट्टा नव्याने फिरवा आणि फक्त नव्यालाच जे ऐकू आलं तिथे वेगळ्या रंगाची काडी लावा. त्यानंतर सगळं खणा, प्रत्येक वस्तूची खोली पट्टीने मोजून लिहा, खड्डे बुजवा. हेच एखाद्या पडक्या घराच्या आवारातही करा. माझा अंदाज असा की शेतात वेगळ्या रंगाच्या काड्या मोजक्याच असतील आणि आवारात भरपूर. अंदाज खोटा ठरला तरी चालेल, तुमचे आकडे मी मूळ लेखात जसेच्या तसे घालीन. माती कोणत्या प्रकारची होती आणि कॉइल केवढ्या होत्या, तेवढं मात्र सोबत लिहा.