पाणी न पिणारी आई आणि उरेदप्लासनचा पाऊस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नॉर्वेच्या हेल्गेलान किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना पावसाने आम्हाला उरेदप्लासन या थांब्यावर अडीच तास बसवून ठेवले. रस्ता बंद नव्हता. पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात भाड्याचे ते उंच मोटरहोम असे हेलकावे खाऊ लागले की नवऱ्याने स्टिअरिंग सोडून गाडी उभी केली आणि गॅसवर चहाचे आधण ठेवले.

हा थांबा मुख्यतः ओळखला जातो तो शौचालयासाठी. ओस्लोच्या हाउगेन-झोहार या वास्तुकारांनी ते लाटेसारखे वळवलेल्या काँक्रीटचे आणि धूसर काचेचे केले असून 2018 मध्ये ते खुले झाले. छायाचित्रांत ते आतल्या दिव्याने उजळलेले दिसते; जुलैत आर्क्टिक वृत्ताच्या वर अंधारच होत नसल्यामुळे आम्हाला ते करड्या आभाळाखाली, ओले आणि काहीसे साधेच दिसले. शेजारी दुसऱ्या महायुद्धातल्या ‘उरेद’ या नॉर्वेच्या पाणबुडीचे स्मारक आहे. फेब्रुवारी 1943 मध्ये ती सुरुंगावर आदळून सर्वांसह बुडाली आणि तिचे अवशेष थेट 1985 साली सापडले. ‘उरेद’ म्हणजे निर्भय. स्मारकाजवळ शौचालय बांधणे काहींना खटकेल. मला खटकले नाही, कारण ज्याला तिथे थोडा वेळ थांबता येते तोच त्या दगडावरचा मजकूर वाचतो.

माझी आई सांगलीची, बहात्तर वर्षांची. एसटीने जायचे असले की सकाळपासून पाणी प्यायचे नाही, ही तिची आयुष्यभराची शिस्त. मोटरहोममध्ये स्वतंत्र संडास असूनही तिने ती मोडली नाही, कारण त्या संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची पेटी, भरली की ती काढून ओतण्याचे काम जावयाकडे आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते. चार दिवस तिने घोटघोट पाण्यावर काढले आणि आम्ही मात्र तिचे डोके दुखते ते थंडीमुळे असे समजत राहिलो.

उरेदप्लासनला ती छत्री घेऊन गेली, बऱ्याच वेळाने परतली आणि म्हणाली, “अगं, संडासाला एवढी काच कशाला?” मग तिने दोन पेले चहा आणि वर तांब्याभर पाणी घेतले. डोकेदुखीचा उलगडा मला तेव्हा झाला.

नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे म्हणून त्यांना हे परवडते, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि काचेपुरता तो मान्यही करते. पण स्वीडनमधून येताना आम्ही ज्या थांब्यांवर थांबलो, तिथे लाकडी बाके आणि चारचौघांसारखे शौचालय एवढेच होते, आणि आईला हवे होते तेही तेवढेच: दार लागणारे, उघडे मिळणारे, कोरडे. वाटेवर ते नसेल तर प्रवास कोणी करायचा हे परस्पर ठरून जाते. पुरुष झाडामागे जातो आणि बाई तहान मारते. आपल्या घाटांत आणि महामार्गांवर फिरलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

मोटरहोमवाल्यांबद्दलही एक तक्रार आहे, आणि तिच्यात आम्हीही येतो. वस्तीतल्या घरापासून 150 मीटर दूर रानात तंबू ठोकण्याची मुभा नॉर्वेचा 1957 चा कायदा देतो. आमच्यापैकी पुष्कळांना ती चाकांनाही लागू आहे असे वाटते, आणि काही जण तर कॅसेट थांब्यावरच्या शौचालयात रिकामी करून मोकळे होतात. त्यासाठी वेगळी केंद्रे असतात. ती शोधण्याचा कंटाळा आम्हालाही एकदा आला होता. आई गाडीत नसती तर आम्ही काय केले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाऊस थांबला नाही, वारा मात्र पडला. निघताना आईने असा पुढचा थांबा किती लांब आहे ते विचारले. मी नकाशात पाहिले आणि दहा किलोमीटर कमी करून सांगितले. तिने बाटली काठोकाठ भरून घेतली.