विक्री थांबली म्हणून मालकी संपत नाही

‘जुने गेम आता कोणी विकत नाही, म्हणून ते कुठूनही उतरवून घेतले तरी कोणाचे नुकसान होत नाही’ हे जुन्या संगणक गेमवरील लेखातील विधान मला मान्य नाही. आपला कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीतच धरतो आणि त्याचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. १९९३ च्या ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर, त्याच्या निर्मात्यांनी १९९७ मध्ये स्वतःहून खुला केला, पण त्यातील चित्रे आणि आवाज खुले केले नाहीत; म्हणजे काय खुले करायचे हे मालकच ठरवतो.

नुकसानाचे म्हणाल, तर गेल्या दिवाळीआधी बेळगावात वडगावच्या आमच्या साड्यांच्या दुकानातील संगणकावर पुतण्याने माझ्याच परवानगीने असा एक गेम उतरवला. मूळ गेम एका फ्लॉपीवर मावणारा, म्हणजे दीड एमबीच्या आतला, आणि ही फाइल तब्बल ८० एमबीची. वर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना. तिथेच थांबायला हवे होते. दुसऱ्या दिवशी हिशेबाची एकही फाइल उघडेना, प्रत्येकीच्या नावापुढे अनोळखी अक्षरे चिकटलेली होती. ज्यांनी तो गेम पाहिलाही नव्हता, त्या ११ विणकरांची मजुरी ऐन सणात आठ दिवस अडकली.