किटलीच्या आकाराचा पंप आणि ‘प्रगत देशांत पंपावर माणूस नसतो’ हा गैरसमज

फोटोंसकट फिरणारा एक मजकूर तुमच्याकडेही आला असेल. किटलीच्या आकाराचा पेट्रोल पंप, शिंपल्याच्या आकाराचा पंप, विमानासारखे पंख पसरलेला पंप, आणि खाली लांबलचक मजकूर. त्याचा सारांश असा: पूर्वी अमेरिकेत पंप म्हणजे कलाकृती असायची आणि सेवेला गणवेशातला माणूस हजर असायचा. मग यंत्रं आली. स्वावलंबी अमेरिकन माणसाने नोझल स्वतःच्या हातात घेतलं आणि या सेल्फ सर्व्हिसमुळे ते देखणे पंप नामशेष झाले. आज अमेरिकेत कुठल्याही पंपावर माणूस दिसत नाही, सगळ्या प्रगत देशांत हेच चित्र आहे, आणि आपल्याकडे मात्र अजून पोरं नोझल धरून उभी असतात, म्हणून आपण मागास.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. शेवटचं तर पंपावर राबणाऱ्या माणसाचा अपमान करणारं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘अमेरिकेत कुठल्याही पंपावर माणूस नसतो’ इथून सुरुवात करू. मी न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेतल्या मराठी माणसांची मोठी वस्ती याच राज्यात आहे आणि याच राज्यात स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. जानेवारीतल्या सकाळी पंपावर गाडी लावून काच खाली केली की थंडीचा झोत आत घुसतो. कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला माणूस खिडकीशी वाकतो, ‘रेग्युलर? कॅश की कार्ड?’ एवढंच विचारतो, कार्ड यंत्रात सरकवतो, नोझल टाकीत अडकवतो आणि तोवर मागच्या गाडीकडे धावतो. खटका पडला की परत येऊन झाकण घट्ट करतो, पावती हातात देतो. बऱ्याचदा तो पंजाबी किंवा गुजराती असतो. हातमोजे घालून कार्ड धरता येत नाही, म्हणून उजव्या हाताची बोटं उघडीच. हे रोज पाहणारे लोकही ‘अमेरिकेत पंपावर माणूस नसतो’ हा मजकूर पुढे ढकलतात, याचं मला वाईट वाटतं.

ही बंदी 1949 सालची. त्या काळी हॅकेन्सॅक गावाजवळ अर्विंग रेनगोल्ड नावाच्या व्यावसायिकाने चोवीस पंपांचं, गिऱ्हाइकाने स्वतः भरायचं ठिकाण उघडलं. त्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी की आजूबाजूचे पंपवाले गॅलनला 21.9 सेंट घेत होते आणि तो 18.9 सेंटला विकत होता. गाड्यांच्या रांगा लागल्या. बाकीचे पंपवाले विधिमंडळाकडे धावले आणि ‘गिऱ्हाइकाच्या हातात नोझल म्हणजे आगीचा धोका’ या कारणावर कायदा झाला. कायद्याच्या नावातही सुरक्षितता आहे. भांडण मात्र तीन सेंटांचं होतं. तो कायदा आजही टिकून आहे, आणि 2022 मध्ये रटगर्स विद्यापीठाने केलेल्या पाहणीत राज्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी ‘दुसऱ्याने भरून दिलेलंच बरं’ असं सांगितलं. म्हणजे सुरुवात पंपवाल्यांच्या स्वार्थातून झाली असली तरी आता लोकांनाच ती सोय हवी आहे.

दुसरं राज्य ऑरेगन. तिथे 1951 पासून बंदी. तिथल्या कायद्यात बंदीची 17 कारणं नोंदलेली होती: पावसाने निसरडी झालेली जमीन, गाडीत एकटी राहणारी मुलं, वृद्ध आणि अपंग चालकांची अडचण, जाणाऱ्या नोकऱ्या. 1982 मध्ये बंदी उठवावी का यावर मतदान झालं, तेव्हा लोकांनी नाही म्हटलं. 2018 पासून विरळ वस्तीच्या भागांत सूट मिळाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये राज्यभर बंदी उठली. तीही अटींवर: सेल्फ सर्व्हिसचे पंप एकूण पंपांच्या निम्म्याहून जास्त नकोत आणि दोन्हीकडे भाव एकच हवा.

आता ‘यंत्रं आली म्हणून सेल्फ सर्व्हिस आली’ हा मुद्दा. क्रम नेमका उलटा आहे. फ्रँक यूरिचने लॉस एंजेलिसमध्ये 1947 साली सेल्फ सर्व्हिसचा पंप चालवला, तेव्हा यंत्र तेच जुनं होतं. नवीन होती ती फक्त पाच सेंटांची सूट. पैसे घ्यायला आणि पंपाचे आकडे शून्यावर आणायला रोलर स्केट्सवरच्या मुली या रांगेतून त्या रांगेत फिरायच्या. म्हणजे माणूस पंपावर होताच, त्याचं काम बदललं होतं. गिऱ्हाइकाने नोझल धरायचं आणि मालकाने वाचलेल्या मजुरीतला वाटा त्याला द्यायचा, असा तो सरळ सौदा होता.

अडचण होती ती शून्याची. आपल्याकडे ‘शून्य बघा साहेब’ म्हणतात तेच शून्य. प्रत्येक गाडीनंतर कोणीतरी पंपापाशी जाऊन आकडे मागे फिरवल्याशिवाय पुढच्या गाडीला पेट्रोल देता येत नव्हतं. ही अडचण सुटली 1964 मध्ये. कोलोरॅडोतल्या वेस्टमिन्स्टर गावात जॉन रॉस्को नावाच्या दुकानदाराने हर्ब टिम्सने तयार केलेलं यंत्र बसवलं. दुकानातल्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला बाहेरच्या पंपाचे आकडे आतच दिसू लागले आणि तिथूनच पंप पुन्हा सुरू करता येऊ लागला. म्हणजे सूट 1947 ची आणि यंत्र सतरा वर्षांनी. तरीही लोक लगेच धावले नाहीत. 1960 च्या दशकात कितीतरी राज्यांत अग्निशमन खात्याचे नियम आडवे येत होते. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव चढले, पंपांवर रांगा लागल्या आणि तेव्हा गॅलनमागे दोन-चार सेंट वाचवणं लाखो कुटुंबांना मोलाचं वाटू लागलं. नियम ढिले झाले ते त्यानंतर. यात स्वावलंबनाचा बाणा शोधायचं काही कारण नाही. पुढे सेल्फ सर्व्हिसच सर्वत्र झाली आणि सूट ज्याच्याशी तुलना करून मोजायची तो दुसरा भावच पाटीवरून गेला. कष्ट मात्र गिऱ्हाइकाकडेच राहिले.

आणि कष्ट फक्त नोझल धरण्याचे नव्हते. 1950 च्या दशकातला अमेरिकन पंपावरचा माणूस टाकी भरता भरता काच पुसायचा, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघायचा, बॅटरीतलं पाणी आणि टायरमधली हवा तपासायचा, शिवाय रस्ता सांगायचा. हे जाणत्या हाताचं काम होतं. ते गेलं तेव्हा सर्वात जास्त अडचण कोणाची झाली? ज्यांना गाडीतून उतरणंच कठीण, त्यांची. म्हणून तर अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या कायद्यानुसार सेल्फ सर्व्हिस पंपाने अशा चालकाला मागितल्यास पेट्रोल भरून द्यावं लागतं. पण पंपावर एकच कर्मचारी असेल तर ही सक्ती नाही. रात्री अकरा वाजता हायवेवरच्या पंपावर असतो एकच कर्मचारी.

फोटोंकडे वळू. मजकूर सांगतो की हे सगळे अमेरिकेचे आणि सेल्फ सर्व्हिसने संपवलेले. पंख पसरलेला तो सुंदर पंप अमेरिकेतला नाही, आफ्रिकेतल्या एरिट्रियाची राजधानी अस्मारा इथला आहे. फियात टालियेरो हे त्याचं नाव. इटलीची वसाहत असताना, 1938 मध्ये, जुझेप्पे पेत्ताझ्झी या अभियंत्याने तो बांधला. दोन्ही बाजूंना सुमारे पंधरा-पंधरा मीटरचे काँक्रीटचे पंख, खाली एकही खांब नाही. तो अजून उभा आहे, आणि अस्मारा शहर 2017 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

किटली वॉशिंग्टन राज्यातल्या झिला गावची, 1922 ची. ती निव्वळ हौस म्हणून बांधलेली नाही, ती राजकीय टोमणा आहे. वायोमिंगमधल्या ‘टीपॉट डोम’ नावाच्या ठिकाणी नौदलासाठी राखून ठेवलेलं तेल होतं. अध्यक्ष हार्डिंग यांच्या सरकारातले मंत्री आल्बर्ट फॉल यांनी ते खाजगी तेलवाल्याला भाडेपट्ट्याने दिलं, आणि पुढे लाच घेतल्याबद्दल ते दोषी ठरले. जॅक एन्सवर्थने त्या घोटाळ्यावर बोट ठेवायला पंपच किटलीचा केला: गोल खोली, वर निमुळतं छप्पर, पत्र्याचा कान आणि काँक्रीटची तोटी. 2012 मध्ये ती गावात आणून जपून ठेवली आहे.

शिंपला नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम शहरातला, 1930 चा. वाकवलेलं ओलं लाकूड आणि तारेचा सांगाडा, त्यावर काँक्रीट. शेल कंपनीचं पेट्रोल विकणाऱ्या तिथल्या वितरकाने असे आठ बांधले, त्यातला हा एकच उरला. त्याने हा खर्च का केला, हे समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल डोळ्यांना दिसत नाही. ते जमिनीखालच्या टाकीतून थेट गाडीच्या टाकीत जातं, आणि या कंपनीचं काय नि त्या कंपनीचं काय, चालकाला फरक कळत नाही. वेगात जाणाऱ्या माणसाला थांबवायचं तर इमारतीनेच हाक मारायला हवी. उलट बाजूला प्युअर ऑइल कंपनीची गोष्ट. तिला घरांच्या वस्तीत पंप टाकायचे होते आणि शेजाऱ्यांना ते नको होते. म्हणून 1927 पासून सी. ए. पीटर्सनने तिच्यासाठी निळ्या कौलांच्या, धुराड्याच्या बंगलीसारखे पंप काढले, वस्तीत खपून जातील असे. एकाला उठून दिसायचं होतं, दुसऱ्याला मिसळून जायचं होतं. दोन्ही धंद्याचेच हिशेब. पण त्या हिशेबातूनही कारागिराने जीव ओतलेली वास्तू उभी राहिली, म्हणून तर आपण आज तिचे फोटो पाठवतो.

मग हे आकार संपवले कोणी? मुख्यतः तेल कंपन्यांनीच, आणि सेल्फ सर्व्हिसच्या कितीतरी आधी. 1930 च्या दशकातच टेक्साको कंपनीसाठी वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरने पांढऱ्या चकचकीत पत्र्यांचा, हिरव्या पट्ट्यांचा चौकोनी नमुना तयार केला. देशभर तोच नमुना उभा करायचा, म्हणजे खर्च कमी आणि ओळख एकसारखी. तेव्हा तिथे नोझल कंपनीच्या गणवेशातल्या माणसाच्याच हातात होतं.

सर्वात पक्का पुरावा ऑरेगनमधल्या मिलवॉकी गावाचा. आर्ट लेसीने 1947 मध्ये दुसऱ्या महायुद्धातलं बी-17 बॉम्बफेकी विमान 13,750 डॉलरना विकत घेतलं आणि आपल्या पंपावर छप्पर म्हणून चढवलं. त्या विमानाखालची पेट्रोलविक्री 1991 मध्ये बंद झाली. तेव्हा ऑरेगनमध्ये सेल्फ सर्व्हिसला बंदीच होती. जी गोष्ट त्या राज्यात नव्हतीच, तिने हा पंप बंद पाडला असं कसं म्हणता येईल?

सेल्फ सर्व्हिसने पंपांचं रूप बदललं हे मात्र खरं, आणि त्याची कारणं साधी आहेत. गिऱ्हाईक गाडीबाहेर उभं राहणार म्हणून सगळ्या पंपांवर मोठं सपाट छत आलं. गल्ल्यावरच्या एका माणसाला सगळे पंप दिसायला हवेत म्हणून समोरची भिंत काचेची झाली. मेकॅनिक गेला, त्याच्या दुरुस्तीच्या जागेत चिप्स आणि कोल्ड्रिंकचं दुकान आलं. नामवंत अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने मिनेसोटातल्या क्लोके गावी 1958 मध्ये पंप बांधला तेव्हा त्याच्या मनात याच्या अगदी उलट होतं. गाडीचं काम होईपर्यंत लोकांनी बसावं, गप्पा माराव्यात म्हणून त्याने वर काचेची खोली केली, तांब्याचं लांब छत पुढे काढलं. पेट्रोलच्या नळ्या त्याला छतातूनच सोडायच्या होत्या, म्हणजे खाली पंपांची अडगळ नको. आगीच्या नियमांनी ते होऊ दिलं नाही.

त्या छतातून लोंबणाऱ्या नळ्या आज पाहायच्या असतील तर जपानला जा. आणि ‘सगळ्या प्रगत देशांत हेच’ या मुद्द्याचं उत्तरही तिथेच मिळतं. तंत्रज्ञानात कोणाच्या मागे नसलेल्या जपानने सेल्फ सर्व्हिसला परवानगी दिली 1998 मध्ये, आणि अजूनही सेल्फ सर्व्हिस पंपावर आत बसलेला कर्मचारी प्रत्येक गाडीकडे बघून मंजुरी देतो तेव्हाच पेट्रोल सुटतं. इटलीत एकाच पंपावर दोन भाव लिहिलेले दिसतात, स्वतः भरलं तर कमी, भरून घेतलं तर जास्त. ब्राझीलने 2000 साली कायदा करून सेल्फ सर्व्हिस बंद ठेवली, नोकऱ्या वाचवण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतही पेट्रोल कर्मचारीच भरतात. या देशांना प्रगत आणि मागास अशा दोन रांगांत लावून दाखवावं, असं मजकूर लिहिणाऱ्याला माझं सांगणं आहे. ते जमणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणी फरक केला आहे तो मजुरीच्या दराने, कायद्याने आणि कोणी किती जोर लावला त्याने.

राहिली आपल्याकडची पोरं. पुण्या-नाशिकच्या पंपावर सकाळी नऊ वाजता दुचाकींची रांग बघा. एकाला शंभरचं, दुसऱ्याला दोनशेचं, तिसऱ्याचं यूपीआय अडकलेलं, चौथ्याला टाकी फुल. नोझल धरणारा माणूस आकडा मारतो, शून्य दाखवतो, पैसे घेतो, सुट्टे देतो आणि गाडी पुढे घ्यायला सांगतो. हा वेग दहा तास टिकवणं कौशल्याचं काम आहे. हवं तर पाच लिटरच्या मापाने त्याच्याकडूनच मोजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. उद्या नोझल आपल्या हातात आलं तर पेट्रोल स्वस्त होईल, असं समजू नका. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपावर विक्रीचा भाव कंपनी ठरवते आणि पंपमालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. कामगाराचा पगार जातो तो त्या कमिशनमधून. त्याला घरी पाठवल्यावर वाचलेला पैसा गिऱ्हाइकाला द्या, असं मालकाला सांगणारा नियम आज नाही.