कुणाकडे तरी असेलच की!

लाखाची सायकल. चकाचक जर्सी, पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट, हँडलवर जीपीएस, फ्रेमवर दोन बाटल्या. आणि सीटखाली? काहीही नाही. पंक्चर झालं तर घालायला ट्यूब नाही, टायर उचकटायला लिव्हर नाही, पंप तर नाहीच. विचारलं की पुण्यातल्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "एवढे लोक आहेत, कुणाकडे तरी असेलच की!"

कोण हो हे "कुणीतरी"? वीस जणांच्या ग्रुपमध्ये नेहमी तेच दोघे-तिघे असतात. त्यांनी स्वतःच्या पैशाने ट्यूब घ्यायची, पंप वाहायचा, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून हात काळे करायचे, आणि सायकलच्या मालकाने शेजारी उभं राहून फोटो काढायचे. बाकीचे घामाने भिजलेल्या जर्सीत गारठत ताटकळणार. पिरंगुटच्या पुढे सकाळी अर्धा-पाऊण तास असा गेला की ताम्हिणीचा बेत बारगळला, कारण रविवारी उशीर झाला की परत येताना त्या रस्त्यावर गाड्यांची झुंबड असते. एका माणसाच्या आळसापायी सगळ्यांचा रविवार पाण्यात.

आणि समजा कुणाकडे ट्यूब असलीच, तरी ती तुमच्या चाकात बसेल कशावरून? ग्रुपमध्ये बारीक टायरची रोड बाइक असते ७०० बाय २५ किंवा २८ची (पहिला आकडा चाकाच्या मापाचा, दुसरा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये), मधल्या जाडीची हायब्रिड ७०० बाय ३५ किंवा ३८ची, आणि जाड्या टायरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, २६, २७.५ नाहीतर २९ इंची. एमटीबीची जाडी ट्यूब रोड बाइकच्या टायरमध्ये कोंबली तर तिला घड्या पडतात आणि टायर-रिमच्या मध्ये ती चिमटते. उलट २५ची ट्यूब ३८च्या टायरमध्ये घातली तर ताणून इतकी पातळ होते की घरापर्यंत पोचली तरी पुष्कळ. त्यात वॉल्व्ह वेगळे. रोड बाइकच्या रिमला प्रेस्टा, म्हणजे बारीक वॉल्व्हचं साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं. बऱ्याच हायब्रिड आणि एमटीबींना श्रेडर असतो, म्हणजे मोटरसायकलसारखा जाडा वॉल्व्ह, त्याला साडेआठ मिलिमीटरचं भोक लागतं. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये जातच नाही, कितीही जोर लावा. ५० मिलिमीटर खोल रिम मिरवणाऱ्यांना ४८चा वॉल्व्ह देऊन उपयोग काय, तो रिमच्या बाहेरच येत नाही! रिमच्या खोलीपेक्षा वॉल्व्ह किमान १५ मिलिमीटर लांब हवा. टायरचं माप टायरच्याच कडेवर छापलेलं असतं. ते वाचायला मेकॅनिक लागत नाही. तरी दोन-दोन वर्षं सायकल चालवणाऱ्यांना ते सांगता येत नाही, याला काय म्हणायचं?

"हायवेवर पंक्चरवाला असतो ना" हे दुसरं पालुपद. असतो, पण ट्रक आणि स्कूटरसाठी. त्याच्याकडे ७००ची ट्यूब नसते आणि त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड श्रेडरचं असतं. प्रेस्टाला ते लावायचं तर पितळी अडॅप्टर लागतो. बोटाच्या पेराएवढीही नसते ती वस्तू, सायकलच्या दुकानात चिल्लर पैशात मिळते. तीसुद्धा कुणी खिशात ठेवत नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो हवेवरून. पुष्कळ पंक्चर नशिबाने होत नाहीत, हवा कमी म्हणून होतात. रोड बाइकच्या टायरमधली हवा काही न होताही आठवडाभरात बरीच उतरते. मागच्या रविवारी भरली होती म्हणून चालत नाही. कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिमवर चेपते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तशी जोडभोकं दिसली की काट्याला दोष देऊ नका, दोष तुमचाच आहे. सत्तर किलोच्या माणसाला २५च्या टायरमध्ये साधारण ८० ते ९० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), २८ला ७० ते ८०, ३८च्या हायब्रिडला ५० ते ६०, एमटीबीला ३० ते ३५ पुरते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर नाही. आणि अंगठ्याने दाबून बघणं बंद करा! अंगठ्याला ५० आणि ८० मधला फरक कळत नाही. घरी दाब दाखवणाऱ्या काट्याचा उभा पंप ठेवा, निघण्याआधी दोन मिनिटं द्या.

आता पंक्चर झालं, कुणीतरी ट्यूब दिली, मालक उत्साहाने स्वतः बसवायला लागला. तरी सुटका नाही. जुनी ट्यूब ओढून काढायची, नवी घालायची, हवा मारायची आणि निघायचं. दोन किलोमीटरवर परत फुस्स! कारण बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच. हायवेच्या कडेला तर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. दोन मिलिमीटरची तार टायरमध्ये रुतते, बाहेरून दिसत नाही आणि प्रत्येक नवीन ट्यूब खाते. म्हणून काढलेल्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा मारा, भोक शोधा. वॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा, तिथे आतून बोट हळूच फिरवा किंवा चिंधी फिरवा, चिंधी अडकते. टायर उलटा वाकवला की तार डोकं वर काढते. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर टायर तपासत बसू नका, रिमच्या आतली भोकं झाकणारी टेप सरकलेली आहे आणि स्पोकचं भोक ट्यूब कापतंय. ट्यूब फेकण्याआधी ती काय सांगते ते बघायचं असतं. हे एवढं साधं काम कुणी करत नाही, आणि दुसरी ट्यूबही पुन्हा त्याच बिचाऱ्याच्या पिशवीतून जाते.

चाक काढण्यापासूनच गोंधळ असतो. मागचं चाक काढण्याआधी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणायची. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल आणि चाक बाहेर असेल तर ब्रेक दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. तरी कुणीतरी हटकून दाबतोच. नवी ट्यूब घालताना तिला आकार येण्यापुरती हवा भरा. टायरची कड वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा, वॉल्व्हपाशी संपवा, आणि कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणा म्हणजे अंगठ्यानेच बसते. लिव्हरने रेटलंत तर नवी ट्यूब तिथेच कापली जाते. मग वॉल्व्ह आत ढकलून सोडा, दोन्ही बाजूंनी फिरवून बघा, कुठे ट्यूब डोकावत नाही ना. त्यानंतरच हवा.

"आमचं ट्युबलेस आहे" म्हणून छाती फुगवणारे वेगळेच. टायरमधलं भोक बुजवणारं पातळ सीलंट शेवटचं कधी भरलंत? पुण्याच्या उन्हाळ्यात ते तीन-चार महिन्यांत वाळतं आणि आत रबराचे गोळे उरतात. टायरची कड चिरली तर ताजं सीलंटही काही करत नाही. ट्युबलेसवाल्यानेही भोकात कोंबायचे प्लग आणि एक ट्यूब बरोबर ठेवलीच पाहिजे. आणि हवा भरायला सीओटू गॅसच्या नळकांड्यावर भिस्त असणाऱ्यांनो, १६ ग्रॅमची एक नळी रोड टायर भरते, पण २९च्या एमटीबीला अपुरी पडते, आणि जोड नीट बसला नाही तर सगळा गॅस क्षणात हवेत. सोबत हातपंप हवाच.

पंक्चरने निदान जीव तरी जात नाही. ब्रेक न बघता सिंहगडावरून किंवा बोपदेव घाटातून उतरणाऱ्यांचं काय करायचं? डिस्कच्या पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला की पॅड बदलायचे असतात. रिम ब्रेकच्या रबरावर खाचा असतात, त्या पुसल्या गेल्या की रबर संपलं. चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर उडालेलं तेल पॅडमध्ये मुरतं आणि ब्रेक नुसता किंचाळतो, धरत नाही. चेनला प्रत्येक कडीवर एक थेंब तेल पुरतं, थोड्या वेळाने फडक्याने पुसायचं. घाटात ब्रेक न लागलेला माणूस एकटा पडत नाही, पुढच्या दोघांना घेऊन पडतो. हे कळत असून तसं येणं म्हणजे निव्वळ बेफिकिरी, दुसरा शब्द नाही.

मागचा लाल दिवा नसताना पहाटे साडेपाचला हायवेवर येणाऱ्यांना तर ग्रुपने तिथूनच परत पाठवावं.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, आणि वाटेत स्वतःचं स्वतः निभवायचं, हा तिथला पायाच आहे. अंधारात दिवे आणि चमकणारं जॅकेट नसेल तर चालवू देत नाहीत. रविवारच्या पन्नास किलोमीटरला हाच नियम लावायला ग्रुपच्या अ‍ॅडमिनला एवढा संकोच का? निघण्याआधी प्रत्येकाने सीटची पिशवी उघडून दाखवायची: आपल्या मापाची एक ट्यूब, दोन लिव्हर, पंप, पॅच, ॲलन कीचा संच, आणि तुटलेली चेन जोडायला आपल्या गिअरच्या चेनची एक मिसिंग लिंक, म्हणजे जोडकडी. मागे दहा गिअर असलेल्या सायकलची लिंक अकरावालीला चालत नाही, तेही बघायचं. सगळं मिळून जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. नसेल त्याने घरी जावं. नवीन माणूस दुरावेल म्हणता? नवीन माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो आणि दुसऱ्या आठवड्यात घेऊन येतो. दुरुस्त होत नाहीत ते जुने, आपलं कुणीतरी बघेल याची सवय लागलेले.

आणि ट्यूब घेतलेल्यांनो, परत द्या! तीन-चारशे रुपयांची वस्तू आहे, "थँक्स यार" म्हणून विषय संपत नाही. पुढच्या राईडला त्याच मापाची, त्याच लांबीच्या वॉल्व्हची नवीन ट्यूब आणायची. तीन पॅच मारलेली स्वतःची जुनी नाही, आणि २८ला ३८चीही नाही. ज्याने दिली तो मागत नाही, कारण त्याला मागायला लाज वाटते. लाज तुम्हाला वाटायला हवी होती. तो पुढच्या रविवारी पिशवीत ट्यूब नसताना निघतो, आणि बोपदेवच्या चढावर त्याचा टायर बसला की सगळे त्याच्याकडेच बघतात.